खाचांचं की भरीव? 12 फ्रेटच्या गिटारच्या डोक्याच्या नोंदी

4 फेब्रुवारी 2024

आज खोक्याची पाठ चिकटवली. खोलीतल्या हायग्रोमीटरवर 47 टक्के आर्द्रता होती. नागपुरात गिटारचा खोका बंद करायला हेच दिवस बरे. पावसाळ्यात चिकटवला तर फुगलेलं लाकूड मे महिन्यात आक्रसतं आणि पाठीला किंवा वरच्या पाटीला चीर पडते. बाजू आणि पाठ शिसवीची, वरची पाटी स्प्रूसची. खोका लहान आहे, मान खोक्याला 12व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी) मिळणार, तारेची वाजती लांबी 632 मिमी. तारा पोलादी, 12 ते 53 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संचातल्या.

गिटार भाचीसाठी आहे. ती बोटांनी वाजवते, पिक वापरत नाही आणि मांडीवर घेऊन तासन्‌तास बसते. गणपतीच्या आधी द्यायची असं ठरलंय.

आता मान. आराखडा काढायला बसलो आणि हेडस्टॉकपाशीच, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ताणणाऱ्या चाव्या बसतात त्या डोक्यापाशीच, अडकलो. भरीव हेडस्टॉकमध्ये लाकूड सलग असतं. चाव्यांचे खांब समोर उभे असतात आणि तारा त्यांच्याभोवती गुंडाळतात. खाचांच्या हेडस्टॉकमध्ये दोन लांब खाचा आरपार कोरलेल्या असतात, त्यांच्यात आडवे रोलर असतात आणि चाव्यांची बटणं मागच्या बाजूला वळलेली असतात. क्लासिकल गिटार पाहिलेल्या कोणालाही हे डोकं ओळखू येईल. 12 फ्रेटच्या जुन्या धाटणीला खाचा शोभतात हे खरं, पण केवळ शोभेसाठी लाकूड कोरायला हात धजत नाही. आधी मोजायचं, मग ठरवायचं.

11 फेब्रुवारी

लाकडाच्या बाजारात, लकडगंजला गेलो. मानेसाठी तूनचं लाकूड मिळालं, 8 वर्षं वाळलेलं, रेषा (तंतूंची धाव) सरळ. तून महोगनीच्याच कुळातलं, हलकं, आणि आपल्याकडच्या सतारी बनवणाऱ्यांच्या हातातलं लाकूड. करवतीखाली त्याचा वास येतो तो काही वेगळाच.

मिस्त्रींना कागदावर खाचा दाखवल्या. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, एवढं चांगलं लाकूड आरपार कोरून टाकून राहिले तुम्ही? मंग त्यात जोर राहिला काय?" प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा होता. 70 मिमी रुंद डोक्यात 14 मिमीच्या दोन खाचा पाडल्या, तर दोन्ही बाजूंना 12-12 मिमीच्या भिंती आणि मध्ये 18 मिमीची पट्टी उरते. वर 70 किलोच्या आसपास ताण. गिटार मागच्या बाजूला पडली तर पहिला मार मागे वळलेल्या बटणांवर बसणार आणि तो थेट त्या भिंतींवर जाणार.

18 फेब्रुवारी

भंगारातल्या देवदाराच्या फळीवर दोन डोकी बनवली, दोन्ही 15 अंशांत मागे झुकलेली. एक भरीव, एक खाचांचं. नटच्या जागी, म्हणजे मान संपून डोकं सुरू होतं तिथे तारा टेकायला, हाडाची पट्टी लावली आणि नटवरून मागे जाणारी तार किती अंशांत वळते ते मोजलं. याच एका कोनावर या विषयातली निम्मी भांडणं होतात.

भरीव डोक्यावर तार खांबाभोवती पृष्ठाच्या वर गुंडाळली जाते, म्हणून सहाही तारा साधारण 16 अंशांतच वळतात. खाचांमध्ये रोलर पृष्ठाच्या खाली असतो. माझ्या फळीवर रोलरचा वरचा भाग पृष्ठापासून 6 मिमी खाली आला. नटजवळच्या रोलरवर जाणाऱ्या पहिल्या आणि सहाव्या तारेचा कोन 28 अंश भरला, मधल्या दोघींचा 23, आणि सर्वांत लांबच्या रोलरवर जाणाऱ्या तिसऱ्या-चौथीचा 21. म्हणजे "खाचांमध्ये कोन जास्त असतो" हे अर्धवट विधान आहे. कोन जास्त असतो आणि तो प्रत्येक जोडीला वेगळा असतो.

त्याचा परिणाम काय? सहाव्या तारेत साडेदहा किलो ताण धरला, तर 28 अंशांत नटवर खाली सुमारे 5 किलो जोर येतो. भरीव डोक्यावर 3 किलो. तार नटच्या खाचेत पक्की बसते, जोरात छेडली तरी बाजूला सरकत नाही.

पण याच कोनाची दुसरी बाजूही आहे. नटवर घर्षण वाढतं. दोरी खुंटाभोवती जितकी जास्त वळते तितकी ती घट्ट धरते, तसंच इथे. घर्षणाचा गुणांक 0.2 धरून हिशेब केला, तर नटच्या दोन बाजूंच्या ताणात भरीव डोक्यावर 6 टक्क्यांपर्यंत फरक अडकून राहू शकतो, खाचांच्या डोक्यावर 10 टक्क्यांपर्यंत. चावी फिरवली, सूर हलला नाही, आणखी फिरवली, आणि तार एकदम "टक्" करून पुढे गेली, असं होतं ते यामुळे. नटच्या खाचा नीट घासलेल्या नसतील तर खाचांचं डोकं ती चूक लपवून ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती कोणी फारशी बोलत नाही. नटचा आवाजाशी संबंध येतो तो फक्त मोकळी तार वाजते तेव्हा. बोट फ्रेटवर पडलं की नट खेळाच्या बाहेर. म्हणून "खाचांमुळे आवाज खुलतो" असं कोणी म्हणालं, तर मी आधी विचारीन, मोकळ्या तारांचा की सगळ्यांचा? तार नटमध्ये न खडखडता बसली, की पुढचा जास्तीचा जोर आवाजात भर घालतो असं मला वाटत नाही.

25 फेब्रुवारी

वजनाचा हिशेब. माझीही समजूत होती की खाचा कोरल्या की डोकं हलकं होतं.

एका खाचेतून 14 × 108 × 19 मिमी लाकूड निघतं. दोन्हींचं मिळून सुमारे 57 घन सेंमी. या तूनचं वजन घन सेंमीला 0.55 ग्रॅम धरलं तर 31-32 ग्रॅम. पण खाचांचं डोकं 19 मिमी जाड ठेवावं लागतं, भरीव 15 मिमीत भागतं. त्या जादा 4 मिमीचं लाकूड 27-28 ग्रॅम. म्हणजे लाकडात वाचले फक्त 4 ग्रॅम!

खरा फरक चाव्यांचा आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजल्या. एका पट्टीवर तीन अशा उघड्या दात्यांच्या चाव्यांची जोडी 168 ग्रॅम, बंद डब्यातल्या ओतीव सहा चाव्या 246 ग्रॅम. 78 ग्रॅमचा फरक, तोही मांडीवरच्या टेकूपासून हातभर लांब. 12 फ्रेटच्या लहान खोक्याला ते जाणवतं. डोकं खाली झुकणारी गिटार डाव्या हाताने सतत उचलून धरावी लागते आणि मनगट भरून येतं. मात्र प्रामाणिकपणे लिहायचं तर भरीव डोक्यालाही हलक्या उघड्या चाव्या लावता येतातच. वजनाचं श्रेय खाचांना पूर्ण देता येत नाही.

3 मार्च

इतवारीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बसलो होतो. त्यांच्या हातात एक व्हायोलिन होतं. मी फळीवरची दोन्ही डोकी दाखवली. भरीव डोक्याच्या खांबाला त्यांनी अंगठ्याने ढकललं आणि म्हणाले, "हा एका पायावर उभा आहे. कधी ना कधी वाकणार." मग व्हायोलिनची खुंटी दाखवली. ती पेटीच्या दोन्ही भिंतींतून जाते, दोन्हीकडे आधार. खाचांच्या डोक्यातला रोलर तसाच आहे, एक टोक बाहेरच्या भिंतीत, दुसरं मधल्या पट्टीत. तार मधोमध ओढते आणि दोन्ही टोकं ती झेलतात.

जुन्या, स्वस्त, भरीव डोक्याच्या गिटारींचे खांब नटकडे ओळंबलेले मी कितीतरी पाहिलेत. बुशिंग (खांबाभोवतीची धातूची कडी) सैल होतं, दाते एका बाजूला झिजतात. खाचांच्या बाजूने मला सापडलेला सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच, आणि तो आवाजाचा नाही, यंत्राचा आहे.

इतिहासही थोडा चाळला. लंडनमध्ये लुई पानोर्मो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिश धाटणीच्या गिटारी बनवत, त्यांना खाचा आणि दातेरी चाव्या होत्या. अमेरिकेत मार्टिन कंपनीच्या 12 फ्रेटच्या गिटारींचीही डोकी बराच काळ खाचांची होती. 1929 मध्ये त्यांनी बँजोवादक पेरी बेक्टेल यांच्या मागणीवरून ओएम हा नमुना काढला. मान 14व्या फ्रेटवर मिळणारी, डोकं भरीव, चाव्या बँजोसारख्या सरळ मागे जाणाऱ्या. बँजो सोडून गिटारकडे वळणाऱ्यांना हातात ओळखीचं वाटेल असं काहीतरी हवं होतं. मी याचा अर्थ असा लावतो की भरीव डोकं आलं ते वाजवणाऱ्यांच्या सवयीसाठी आणि सोयीसाठी. खाचांचा आवाज कमी पडला म्हणून त्या गेल्या असं कुठे दिसत नाही.

ठरलं. खाचाच करायच्या. कारणं तीन: रोलरला दुहेरी आधार, लहान खोक्याला हलक्या चाव्या, आणि बोटांनी वाजवणारीच्या बाहेरच्या दोन तारांना नटमध्ये घट्ट बैठक. किंमतही माहीत आहे: डोक्याची नाजूक घडण आणि तारा बदलताना लागणारा वेळ. ही किंमत भाचीला मोजायची आहे, म्हणून संध्याकाळी फोन करून तिला सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, "तारा बदलायला वेळ लागला तरी चालेल मामा, पण वाजवताना मान धरून बसायला नको."

10 मार्च

चाव्यांनी घोळ घातला. शहरातल्या एका दुकानात "खाचांच्या डोक्याच्या चाव्या" मागितल्या आणि मिळाल्या त्या नायलॉन तारांच्या. पट्टी तीच, रोलरमधलं अंतर तेच 35 मिमी, दिसायला सारख्या. पण रोलर प्लास्टिकचा आणि 10 मिमी जाड. त्यावर पोलादी तार चढवली तर ती प्लास्टिक कापत आत रुतते. शिवाय नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त ताण त्या नाजूक दात्यांवर पडतो. परत केल्या.

पोलादी तारांसाठी धातूचा, 6 मिमीचा रोलर हवा. त्या बाहेरगावाहून मागवल्या, प्रमाण 16 ला 1, म्हणजे बटणाच्या 16 फेऱ्यांना रोलरचा एक. बटणाच्या एका फेऱ्यात तार जेमतेम 1.2 मिमी सरकते. सूर बारीक लावायला छान, पण नवी तार चढवताना बटण फिरवून फिरवून हात दुखेल. भरीव डोक्याच्या चाव्या कोणत्याही वाद्यांच्या दुकानात मिळतात. खाचांच्या पोलादी चाव्यांसाठी वाट पाहावी लागते, हा तोटा छोट्या शहरातल्या माणसाने धरूनच चालावा.

25 मार्च, धुळवड

बाहेर रंग, आत सांधा.

15 अंश झुकलेलं डोकं एकाच लाकडातून कापलं, तर मानेत सरळ धावणारा रेषा डोक्यात तिरपा होऊन बाहेर पडतो. तिरप्या रेषेच्या 12 मिमीच्या भिंती म्हणजे फुटण्याची वाट पाहणंच. म्हणून तिरका सांधा. पट्टी 15 अंशांत कापायची, कापलेला तुकडा उलटा करून परत चिकटवायचा. रेषा मानेतही सरळ, डोक्यातही सरळ. मिस्त्रींच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. खाचा कोरायच्या असतील तर तिरका सांधा माझ्या मते ऐच्छिक नाही.

सांध्याची दोन्ही तोंडं एकावर एक ठेवून रंध्याने एकदम काढली. उजेडासमोर धरली तर मध्ये किरणही दिसेना. गोंद लावून चार क्लॅम्प, एक दिवस हात लावायचा नाही. हा गोंद फार उष्णतेत मऊ पडतो, तेव्हा ही गिटार उन्हात उभ्या बंद गाडीत कधीही ठेवायची नाही. भाचीला हे लिहून देणार.

31 मार्च

सहा भोकं. या कामातला सगळ्यांत जोखमीचा दिवस.

चाव्यांचे तीन रोलर एकाच पट्टीवर पक्के बसवलेले असतात. डोक्याच्या कडेतून आत जाणारी तीन भोकं 35-35 मिमीवर, एका रेषेत आणि एकमेकांना समांतर नसतील, तर पट्टी बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर रोलर अडतो. भरीव डोक्यात प्रत्येक चावीचं भोक स्वतंत्र असतं, अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. इथे तो अर्धा मिमी तीनही चाव्यांना भोवतो.

सागाच्या ठोकळ्यात आधी तीन भोकांचा साचा केला, तो कडेला क्लॅम्पने धरला आणि 6.5 मिमीच्या बिटने भोकं पाडली. खाचा कोरण्याआधीच भोकं पाडली, म्हणजे बिट सलग लाकडातून जातं आणि आतल्या कडा फुटत नाहीत. मधल्या पट्टीत प्रत्येक बाजूने 7 मिमीच आत गेलो. 18 मिमीच्या पट्टीत मध्ये 4 मिमी शिल्लक राहिलं पाहिजे, नाहीतर दोन्हीकडची भोकं एकमेकांना भेटतील.

उजवी बाजू पहिल्या फटक्यात जमली. डाव्या बाजूचं मधलं भोक तिरपं गेलं. क्लॅम्प थोडा सैल होता, माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पट्टी बसवली तर मधली चावी जड फिरत होती. भोक मोठं करून वेळ मारून नेता आली असती, पण मग रोलरला आधार राहिला नसता, आणि ज्या कारणासाठी खाचा निवडल्या तेच गेलं असतं. तूनचाच गोल दांडा घासून, गोंद लावून ते भोक बुजवलं. उद्या-परवा पुन्हा पाडीन.

7 एप्रिल

भोक पुन्हा पाडलं. आता सहाही रोलर दोन बोटांनी फिरतात.

खाचा कोरल्या. दोन्ही टोकांना 14 मिमीची गोल भोकं पाडली, मध्ये भोकांची ओळ, उरलेलं पटाशीने. टोकं मुद्दाम गोल ठेवली. चौकोनी कोपरा दिसायला रेखीव असतो, पण ताण त्याच कोपऱ्यात साठतो आणि चीर तिथूनच निघते. आतल्या बाजू कानशीने साफ करायला दुपार गेली. तारेची टोकं आणि बोटं याच जागेत जाणार आहेत, इथे कुसळ राहून चालणार नाही.

मिस्त्री बघायला आले होते. भिंत दोन बोटांत धरून दाबून पाहिली, काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

21 एप्रिल

मान कोरून पूर्ण. चपडीचं पॉलिश सुरू. खाचांच्या आतही हात घातला, लहान ब्रशने चार थर. खाचांची दोन टोकं म्हणजे लाकडाचं उघडं तोंड, ओल सगळ्यांत जास्त तिथून आत-बाहेर करते. मे ते जुलै या तीन महिन्यांत आपल्याकडे हवा ज्या दोन टोकांना जाते, त्यात ही तोंडं मोकळी ठेवणं परवडणार नाही. चपडी ही लाख, आपल्या जंगलात पळसावर धरते. नागपूरच्या हवेसाठी पळसावरची लाख वापरतोय याचं मला मनापासून समाधान आहे.

12 मे

पहिल्यांदा तारा चढवल्या. पाचही तारा लागल्या. सहावी लागली, पण मोकळी वाजवली की मागून बारीक कुरकुर. नट पाहिला, ठीक. फ्रेट पाहिले, ठीक. शेवटी डोक्यावर बोट ठेवलं तेव्हा कळलं. 28 अंशांत खाली जाणारी तार नटपासून 25 मिमीवरच डोक्याच्या पृष्ठाखाली शिरते, आणि माझी खाच सुरू होते 30 मिमीवर. मधल्या 5 मिमीत तार लाकडाच्या ओठावर घासत होती. पहिल्या तारेचंही तेच, फक्त ती बारीक म्हणून ऐकू आलं नाही.

देवदाराच्या फळीवर हे दिसलं नव्हतं, कारण तिथे खाच मी घाईत लांब पाडली होती. चांगल्या गिटारींच्या खाचांना नटच्या बाजूला जो उतार दिलेला असतो, तो नक्षी म्हणून दिलेला नसतो हे आज हाताला समजलं. तारा सैल केल्या, दोन्ही खाचांच्या खालच्या ओठाला गोल कानशीने उतार दिला, त्यावर परत चपडी.

26 मे

नवतपा सुरू. पारा 45 च्या आसपास. दुपारी कूलर बंद असताना खोलीतली आर्द्रता 20 च्याही खाली जाते, कूलर सुरू केला की 60 च्या वर. असा चढ-उतार दिवसातून दोनदा. गिटार डब्यात बंद, आत ओल्या स्पंजची डबी, आणि डबा कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीत.

रोज संध्याकाळी डोकं भिंगाखाली पाहतो. सांध्यावर रेघ नाही. खाचांच्या गोल टोकांना काही नाही. डाव्या बाजूचा बुजवलेला भाग उघडा पडला नाही. फक्त चाव्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू किंचित सैल झाले, लाकूड आक्रसलं म्हणून. हाताने, हलकेच आवळले. खाचांच्या डोक्यात पट्टी सैल झाली की तीनही तारांचा सूर हलतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी हे स्क्रू तपासायचेच.

7 जुलै

पाऊस. आर्द्रता 80. वरची पाटी थोडी फुगली, तारा उंचावल्या, ते अपेक्षित होतं, ब्रिजवरचं, म्हणजे खोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात ते, हाड बदलून भागेल. डोकं मात्र जागच्या जागी.

आज भाची येऊन दोन तास वाजवून गेली. तिला काही न सांगता एक गोष्ट करून पाहिली. डोक्यावर लाकडी ठोकळ्यासह एक लहान क्लॅम्प लावला, साधारण बंद चाव्यांइतकं जास्तीचं वजन. डोळे मिटून तिने तोच तुकडा चार वेळा वाजवला, मी क्लॅम्प लावत-काढत होतो. मानेचा थरथराट डाव्या हाताला वेगळा लागतो, हे तिने प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. अर्थात वजनाचा झोकही तिला लागत असणार, त्यामुळे ही परीक्षा तिच्यासाठी निर्भेळ नव्हती. समोर पाठ करून बसलेल्या ताईला आणि शेजारच्या खोलीतल्या भाचीच्या बाबांना फरक सांगता आला नाही. मलाही खात्रीने सांगता आला नसता. वाजवणाऱ्याच्या हाताला मिळणारी गोष्टही माझ्या लेखी खरीच आहे. पण ती ऐकणाऱ्याच्या नावावर मांडणं मला पटत नाही.

सूर लावताना सहावी तार "टक्" करत होती. नटच्या खाचेत 4बी पेन्सिलीचं शिसं घासलं, खाचेचं मागचं टोक तारेच्या उताराला मिळतं केलं. आवाज थांबला.

1 सप्टेंबर

उद्या पोळा, परवा मारबत. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की दिवसभर या गल्लीत कोणाला शिरता येणार नाही, म्हणून भाची आजच गिटार न्यायला आली. न्यायच्या आधी तारा तिच्या हातांनी बदलायच्या, ही माझी एकच अट होती.

जुन्या गिटारवर तिला 15 मिनिटं लागतात. इथे 50 लागली. तारेचं टोक रोलरच्या भोकात वरून घालायचं, खालून बाहेर आलं की बोट खाचेत घालून पकडायचं, परत वर आणून तारेखालून अडकवायचं. दुसऱ्या तारेचं टोक तिच्या तर्जनीत शिरलं. तार गुंडाळायचं हँडल शेजारच्या बटणाला अडतं, त्यामुळे अर्धे फेरे हातानेच. 16 ला 1 चं प्रमाण इथे अंगावर येतं. पाचव्या तारेचं कापलेलं टोक लांब राहिलं होतं, ते खाचेच्या भिंतीला लागून वाजत होतं. जवळून कापल्यावर गप्प झालं.

मग तिनेच एक रीत बसवली. तार आधी ताणून मोजायची, रोलरच्या पुढे फेऱ्यांपुरती ठेवून कापायची, टोक पक्कडने काटकोनात वाकवायचं आणि मगच भोकात घालायचं. जाड तारेला तीन फेरे, बारीकला पाच. बाहेरच्या दोन तारा बाहेरच्या भिंतीकडे गुंडाळायच्या, म्हणजे शेजारणीला लागत नाहीत. शेवटच्या दोन तारा तिने या रीतीने दहा मिनिटांत चढवल्या.

जाताना डब्यात एक चिठ्ठी ठेवली: बंद गाडीत ठेवू नये, पाठीवर झोपवू नये, बटणं टेकतात, भिंतीला उभी करू नये, उन्हाळ्याच्या शेवटी पट्ट्यांचे स्क्रू, दिवाळीनंतर एकदा माझ्याकडे आणून डोकं भिंगाखाली. ताईने चिठ्ठी वाचून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. देवदाराची दोन डोकी असलेली फळी भाचीने मागून घेतली, मैत्रिणींना दाखवायला.